विश्लेषण : बॅटमोबाइल जगाला आठवते; बॅटमॅनचे सहनिर्माते बिल फिंगर यांना श्रेय मिळायला ७६ वर्षे का लागली?

लांबलचक काळी मोटार, कडांवरून धावणारी लाल रेघ, घुमटासारख्या दोन काचा, मागे वटवाघळाच्या पंखांसारखी पाती आणि सुरू होताच मागच्या नळकांड्यातून निघणारी ज्वाळा. अमेरिकी दूरचित्रवाणीवर १९६६ मध्ये आलेल्या ‘बॅटमॅन’ मालिकेतील ‘बॅटमोबाइल’ अर्धशतक उलटून गेले तरी चाहत्यांच्या मनातून उतरलेली नाही. ती घडवणारे जॉर्ज बॅरिस प्रसिद्ध झाले. तिच्या चालकाच्या आसनावर बसणारे अ‍ॅडम वेस्ट घराघरांत पोहोचले. बॅटमॅनचे निर्माते म्हणून बॉब केन यांचे नाव प्रत्येक अंकावर छापले गेले. पण ज्या कथेत या मोटारीला ‘बॅटमोबाइल’ असे पहिल्यांदा म्हटले गेले, ती लिहिणाऱ्या माणसाचे नाव कुठेच नव्हते. ते होते बिल फिंगर. कोण होते ते आणि त्यांना इतकी वर्षे श्रेय का मिळाले नाही, याविषयी…

१९६६ची बॅटमोबाइल इतकी लोकप्रिय का ठरली?

‘एबीसी’ या अमेरिकी वाहिनीवर १२ जानेवारी १९६६ रोजी ‘बॅटमॅन’ मालिका सुरू झाली. सुरुवातीला ती आठवड्यातून दोनदा दाखवली जाई. पहिल्या दिवशी बॅटमॅन आणि रॉबिन जीवघेण्या सापळ्यात अडकत आणि दुसऱ्या दिवशी सुटत. मार्च १९६८ पर्यंत तीन हंगामांत तिचे १२० भाग झाले. अमेरिकी वाहिन्या तेव्हा रंगीत प्रक्षेपणाकडे वळत होत्या. भडक रंग, गमतीशीर संवाद आणि पडद्यावर अक्षरांत उमटणारे ठोशांचे आवाज यांमुळे मालिका मुलांना थरारक आणि मोठ्यांना विनोदी वाटे.

या सगळ्यात मोटारीचे दृश्य जवळपास प्रत्येक कथेत ठरलेले असे. बॅटमॅन आणि रॉबिन खांबांवरून घसरत भुयारात उतरत, उडी मारून मोटारीत बसत आणि गुहेतून बाहेर पडून गोथम सिटीकडे निघत. गुहेबाहेरचे चित्रीकरण लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमधील ब्रॉन्सन कॅन्यन येथे झाले. गोथम सिटी १४ मैलांवर असल्याचे सांगणारी पाटी आडवी पडायची आणि मोटार तिच्यावरून पुढे जायची. मोटारीत फोन होता, मागे पॅराशूट होते, छतावर लाल दिवा होता. ब्रिटनमधील ‘कॉर्गी’ कंपनीने १९६६ मध्येच तिची छोटी धातूची प्रतिकृती बाजारात आणली. त्या खेळण्यातून बारीक रॉकेटे सुटत आणि पुढच्या भागातून साखळी कापणारे पाते बाहेर येई. ते खेळणे लाखोंच्या संख्येने विकले गेले. अनेकांच्या मनातील बॅटमोबाइल म्हणजे पडद्यावरच्या मोटारीइतकेच हातात मावणारे हे खेळणे.

ती मोटार कुठून आली?

मूळ मोटार बॅटमॅनसाठी बनवलेलीच नव्हती. फोर्ड कंपनीच्या ‘लिंकन’ विभागाने भविष्यातील मोटार कशी असेल हे दाखवण्यासाठी ‘फ्युचुरा’ नावाची प्रदर्शनीय मोटार तयार केली. इटलीतील तुरिन येथील ‘घिया’ या कारखान्यात तिचे अंग हाताने घडवले गेले. खर्च सुमारे अडीच लाख डॉलर झाल्याचे सांगितले जाते. १९५५ मध्ये ती मोटार प्रदर्शनांत झळकली. तेव्हा तिचा रंग मोत्यासारखा पांढरा होता. चालक आणि सहप्रवासी यांच्या डोक्यावरचे पारदर्शक घुमट आणि मागची उंच पाती तेव्हापासूनच तिच्या अंगावर होती. पुढे तिला लाल रंग देऊन १९५९ मधील ‘इट स्टार्टेड विथ अ किस’ या चित्रपटात वापरण्यात आले. त्यानंतर ती कॅलिफोर्नियातील मोटार कारागीर जॉर्ज बॅरिस यांच्याकडे आली. ती आपल्याला नाममात्र एक डॉलरला मिळाली, असे बॅरिस सांगत.

मालिकेच्या निर्मात्यांनी आधी डीन जेफ्रीज या कारागिराला काम दिले होते. पण प्रक्षेपण लवकर सुरू करायचे ठरल्याने बॅरिस यांना विचारणा झाली. त्यांच्या हाती जेमतेम तीन आठवडे होते. इतक्या वेळात नवी मोटार उभी करणे अशक्य असल्याने त्यांनी पडून असलेली ‘फ्युचुरा’ निवडली. पुढच्या भागाला वटवाघळाच्या चेहऱ्याचा आकार दिला, पाती वाढवली, काळा रंग चढवला आणि लाल रेघा ओढल्या. मालकी बॅरिस यांनी स्वतःकडेच ठेवली आणि मोटार स्टुडिओला भाड्याने दिली. पुढील जवळपास पाच दशके ती त्यांच्याकडेच होती.

कॉमिक्समध्ये बॅटमोबाइल कधी आली?

बॅटमॅनची पहिली कथा ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या मे १९३९च्या २७व्या अंकात आली. तीत बॅटमॅनकडे साधी लाल रंगाची बंद मोटार होती. तिला ना पंख होते ना नाव. ‘बॅटमोबाइल’ हा शब्द पहिल्यांदा फेब्रुवारी १९४१च्या ४८व्या अंकात आला. १९४१च्याच ‘बॅटमॅन’ नियतकालिकाच्या पाचव्या अंकात मोटारीच्या पुढच्या भागावर वटवाघळाचे मोठे डोके आणि मागे पाते दिसले. मोटार पाहताच ती कोणाची हे कळावे, ही कल्पना इथे पक्की झाली. १९५० मध्ये लेखक जोसेफ सॅमॅकसन आणि चित्रकार डिक स्प्रँग यांनी तिला नवे रूप दिले.

म्हणजे बॅटमोबाइल ही कोणा एकाची निर्मिती नाही. तिचे आकार वेगवेगळ्या चित्रकारांनी काढले आणि बदलले. मात्र लाल मोटारीची पहिली कथा आणि ‘बॅटमोबाइल’ हे नाव ज्या कथेत आले ती कथा, या दोन्ही फिंगर यांच्या होत्या. अंकावर मात्र नाव होते बॉब केन यांचे.

बिल फिंगर कोण होते?

त्यांचे जन्मनाव मिल्टन फिंगर. जन्म ८ फेब्रुवारी १९१४चा, कोलोरॅडो राज्यातील डेन्व्हर शहरातला. वडील लुईस ऑस्ट्रिया-हंगेरीतून अमेरिकेत आलेले ज्यू स्थलांतरित होते आणि शिंपीकाम करत. पुढे कुटुंब न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात राहायला आले. तिथे वडिलांनी शिवणकामाचे दुकान थाटले, पण महामंदीत ते बंद पडले. मिल्टन यांनी १९३३ मध्ये डेविट क्लिंटन हायस्कूलमधून शालेय शिक्षण पूर्ण केले. बॉब केन हेही याच शाळेचे विद्यार्थी. कॉमिक्सच्या जगात पुढे मोठे झालेले विल आइसनर आणि स्टॅन ली हेदेखील याच शाळेतले.

मंदीच्या त्या दिवसांत ज्यू नावाच्या तरुणांना नोकरी मिळणे आणखी अवघड होते. मिल्टनचे ‘बिल’ झाले ते याच काळात. लिहिण्याची हौस होती, पण पोटासाठी ते बुटांच्या दुकानात अर्धवेळ विक्रेत्याचे काम करत. अशात एका पार्टीत त्यांची बॉब केन यांच्याशी ओळख झाली. केन चित्रे काढत आणि त्यांना कथा लिहिणारा हवा होता. १९३८ पासून फिंगर त्यांच्यासाठी लिहू लागले. ‘रस्टी अँड हिज पॅल्स’ आणि ‘क्लिप कार्सन’ या साहस चित्रकथांपासून या जोडीची सुरुवात झाली. केन प्रकाशकाकडून काम आणत आणि फिंगर यांना त्यातून पैसे देत. पुढे जे घडले त्याचे मूळ याच व्यवस्थेत होते.

बॅटमॅन घडवण्यात त्यांचा वाटा किती?

जून १९३८च्या ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’मध्ये सुपरमॅन आला आणि अंक धडाधड खपू लागले. पुढे ‘डीसी कॉमिक्स’ या नावाने ओळखल्या गेलेल्या प्रकाशन संस्थेला आणखी असे नायक हवे होते. संपादक व्हिन सुलिव्हन यांच्याशी बोलणे झाल्यावर केन यांनी ‘बॅट-मॅन’ नावाच्या नायकाचे चित्र काढले. त्या चित्रातील नायक लाल पोशाखात होता, डोळ्यांपुरता छोटा मुखवटा लावलेला होता आणि पाठीला ताठ पंख बांधलेले होते. केन यांनी ते फिंगर यांना दाखवले.

फिंगर यांनी सुचवलेले बदल कॉमिक्सच्या इतिहासात नोंदले गेले आहेत. वटवाघळासारखे कान असलेला, डोके झाकणारा मुखवटा घालावा. डोळ्यांत बुबुळे दाखवू नयेत, म्हणजे चेहरा गूढ वाटेल. ताठ पंखांऐवजी मागे फडफडणारी झूल असावी. हातमोजे असावेत. लाल रंग काढून करडा आणि काळा वापरावा. आज बॅटमॅन म्हटल्यावर जे रूप डोळ्यांसमोर येते ते बहुतांश या सूचनांमधून आले. नायकाचे खरे नाव ‘ब्रूस वेन’ हेही फिंगर यांचेच. स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट द ब्रूस आणि अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धातील सेनापती अँथनी वेन यांच्या नावांवरून त्यांनी ते जुळवले.

पहिली सहा पानी कथाही त्यांनीच लिहिली. ती पूर्णपणे नवी नव्हती. त्या काळी गाजत असलेल्या ‘द शॅडो’ या रहस्यमालिकेतील १९३६च्या एका कादंबरीवर ती बेतलेली होती. स्वस्त रहस्यकथा, चित्रपट आणि इतिहास यांतून मिळेल ते घेऊन त्याला नवा घाट देणे हीच फिंगर यांची हातोटी होती. आईवडिलांचा खून डोळ्यांदेखत पाहिलेला मुलगा मोठेपणी गुन्हेगारांविरुद्ध उभा राहतो, ही बॅटमॅनची मूळकथा नोव्हेंबर १९३९च्या अंकात अवघ्या दोन पानांत आली. तीही फिंगर यांचीच मानली जाते.

बॅटमॅनचे शहर आधी न्यूयॉर्क होते. वाचकांना आपापले शहर त्यात पाहता यावे म्हणून फिंगर काल्पनिक नाव शोधत होते. टेलिफोन डिरेक्टरी चाळताना ‘गोथम’ नाव असलेल्या एका जवाहिऱ्याची नोंद त्यांना दिसली आणि तेच नाव त्यांनी घेतले, असे त्यांनी पुढे सांगितले होते. मालिकेतील मोटार ज्या पाटीवरून रोज जायची तिच्यावरचे शहराचे नाव असे आले.

खलनायकांचे काय?

रॉबिन, कॅटवुमन, पेंग्विन आणि रिडलर या पात्रांच्या निर्मितीत फिंगर यांचा वाटा होता. जोकरच्या बाबतीत वाद आहे. चित्रकार जेरी रॉबिन्सन यांच्या मते मूळ कल्पना त्यांची, कारण जोकरचा पत्ता त्यांनी काढला होता. केन यांनी हे अमान्य केले. मात्र १९२८ मधील ‘द मॅन हू लाफ्स’ या मूकपटातील अभिनेता कॉनराड फाइट यांचे विस्फारलेल्या हास्याचे छायाचित्र फिंगर यांनी आणले आणि त्यावरून जोकरचा चेहरा ठरला, यावर साधारण एकमत आहे. १९६६च्या मालिकेच्या पहिल्या कथेतील खलनायक होता रिडलर. फिंगर आणि स्प्रँग यांनी तो १९४८ मध्ये निर्माण केला होता. १९६६ मध्येच आलेल्या ‘बॅटमॅन’ चित्रपटात चार खलनायक एकत्र येतात. जोकर, पेंग्विन, कॅटवुमन आणि रिडलर या चौघांवरही फिंगर यांच्या लेखणीचा ठसा आहे.

फिंगर लिहीत कसे?

ते सावकाश लिहीत. वेळेवर मजकूर न देणारा लेखक अशी त्यांची ख्याती होती आणि त्यामुळे संपादकांची नाराजीही ओढवून घेत. पण सहकाऱ्यांच्या आठवणींत ते चित्रकारांचा विचार करणारे लेखक म्हणून येतात. कथेसोबत ते मासिकांतून कापलेली छायाचित्रे जोडत. पूल, जहाज, यंत्र किंवा इमारत कशी दिसते हे चित्रकाराला शोधत बसावे लागू नये, हा हेतू. सुचलेल्या कल्पना, विचित्र माहिती आणि युक्त्या ते वह्यांत टिपून ठेवत.

त्यांच्या कथांमध्ये राक्षसी आकाराच्या वस्तू असत. इमारतीएवढा टंकलेखन यंत्राचा नमुना, भलेमोठे संगीत वाद्य किंवा प्रदर्शनातील अवाढव्य वस्तू यांच्यावर बॅटमॅनची मारामारी रंगे. मोटारीपासून विमानापर्यंत प्रत्येक साधनाला वटवाघळाचा आकार आणि नाव देण्याची बॅटमॅनच्या कथांतील सवयही याच काळात रुजली. १९६६च्या मालिकेने दोन्ही गोष्टी उचलल्या. बॅटमोबाइलमधल्या प्रत्येक बटणावर नावाची चिठ्ठी असण्याचा विनोद त्यातूनच आला.

मग नाव फक्त केन यांचेच का राहिले?

करार केन यांनी केला होता. त्या काळी कॉमिक्सचे लेखक आणि चित्रकार पानामागे ठरलेली रक्कम घेत आणि हक्क प्रकाशकाकडे जात. सुपरमॅनचे निर्माते जेरी सीगल आणि जो शुस्टर यांनी १३० डॉलरमध्ये आपल्या पात्राचे हक्क सोडले होते. केन त्यांच्यापेक्षा व्यवहारी निघाले. बॅटमॅनच्या प्रत्येक रूपावर निर्माता म्हणून फक्त आपले नाव येईल, अशी अट त्यांनी प्रकाशकाकडून मान्य करून घेतली.

फिंगर यांच्याकडे असा कोणताही कागद नव्हता. सुरुवातीला ते केन यांचे पगारी लेखक होते. पुढे ते थेट प्रकाशन संस्थेसाठी लिहू लागले, तरी बॅटमॅनच्या कथांवर त्यांचे नाव येत नसे. याच काळात दुसऱ्या पात्राच्या बाबतीत वेगळे घडले. चित्रकार मार्टिन नोडेल यांच्यासोबत त्यांनी ‘ग्रीन लँटर्न’ घडवला. जुलै १९४०च्या अंकातील त्याच्या पहिल्या कथेवर फिंगर यांचे नाव छापले गेले. म्हणजे लेखकाचे नाव देण्याची पद्धतच नव्हती असे नाही. बॅटमॅनच्या बाबतीत ते द्यायचे नाही असे ठरलेले होते.

फिंगर यांनी स्वतः कधी जोरकस दावा केला नाही. पानामागे मिळणाऱ्या पैशांवर घर चालत होते. काम हातचे गेले तर दुसरा आधार नव्हता. स्वभावही भांडण्याचा नव्हता. ओढाताण कायम राहिली आणि ते अनेकदा आगाऊ रकमेवर दिवस काढत.

खरी गोष्ट बाहेर कशी आली?

१९६५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये कॉमिक्सप्रेमींचे संमेलन भरले. तिथे फिंगर व्यासपीठावर आले आणि बॅटमॅनच्या जन्माविषयी बोलले. कॉमिक्सचे अभ्यासक जेरी बेल्स यांनी त्यांच्याशी बोलून एक लेख लिहिला आणि चाहत्यांच्या छोट्या पत्रिकेत प्रसिद्ध केला. बॅटमॅनमागे आणखी एक माणूस असल्याचे पहिल्यांदाच छापून आले.

केन संतापले. चाहत्यांच्या दुसऱ्या एका पत्रिकेला त्यांनी लांबलचक पत्र लिहिले. बॅटमॅनचा एकमेव निर्माता आपणच आहोत आणि फिंगर यांचे म्हणणे खोटे आहे, असा त्याचा आशय होता. फिंगर गप्प राहिले.

टीव्ही मालिकेत फिंगर यांचे नाव आले होते का?

हो, एकदा. मालिकेच्या दुसऱ्या हंगामात १२ आणि १३ ऑक्टोबर १९६६ रोजी दोन भागांची कथा दाखवली गेली. खलनायक होता घड्याळांचे वेड असलेला ‘क्लॉक किंग’. ती कथा फिंगर यांनी मित्र चार्ल्स सिंक्लेअर यांच्यासोबत लिहिली होती. पहिल्या भागाच्या शेवटी बॅटमॅन आणि रॉबिन भल्यामोठ्या वाळूच्या घड्याळाच्या खालच्या कप्प्यात अडकतात आणि वरून वाळू कोसळू लागते. अवाढव्य वस्तूंची आवड फिंगर यांनी इथेही सोडली नव्हती.

बॅटमॅनच्या जन्मानंतर २७ वर्षांनी बॅटमॅनच्या कथेवर लेखक म्हणून त्यांचे नाव झळकले. तेही फक्त त्या दोन भागांपुरते. बॅटमॅनचे निर्माते म्हणून मालिका केन यांनाच ओळखत होती. बॅटमॅनची लाट देशभर उसळली होती. खेळणी, मुखवटे, कपडे आणि डबे विकले जात होते. त्यातला वाटा मिळावा असा कोणताही हक्क फिंगर यांच्याकडे नव्हता.

त्यांचा शेवट कसा झाला?

१९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांना कॉमिक्सचे काम कमी मिळू लागले. त्यांनी दूरचित्रवाणी आणि चित्रपटांसाठीही थोडे लिहिले. १९६८ मधील ‘द ग्रीन स्लाइम’ या विज्ञानपटाच्या लेखकांत त्यांचे नाव आहे. १८ जानेवारी १९७४ रोजी न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमधील घरी ते मृतावस्थेत आढळले. साठी पूर्ण व्हायला तीन आठवडे उरले होते. त्यांना सर्वप्रथम पाहिले ते मित्र सिंक्लेअर यांनी.

बेवारस कबरीत त्यांना पुरण्यात आले, असा समज पुढे अनेक वर्षे पसरला. प्रत्यक्षात त्यांचे दहन झाले होते. मुलगा फ्रेड याने ओरेगॉनच्या समुद्रकिनारी वाळूवर वटवाघळाचा आकार काढून त्यात वडिलांची रक्षा ठेवली. भरतीच्या लाटेने ती नेली.

केन यांनी १९८९ मध्ये आत्मचरित्र लिहिले. त्यात फिंगर यांचे योगदान मोठे होते, त्यांना हयातीत श्रेय मिळायला हवे होते आणि आपण ते दिले नाही, अशी कबुली त्यांनी दिली. पण करारातील अट बदलली नाही. १९९८ मध्ये केन यांचे निधन झाले तेव्हाही बॅटमॅनच्या निर्मात्याच्या जागी एकच नाव होते.

अखेर श्रेय कसे मिळाले?

आधी पुढाकार घेतला तो व्यवसायातील लोकांनी. जेरी रॉबिन्सन यांच्या प्रयत्नांतून २००५ मध्ये सॅन दिएगोच्या कॉमिक संमेलनात उपेक्षित लेखकांसाठी ‘बिल फिंगर पुरस्कार’ सुरू झाला. त्यानंतर लेखक मार्क टायलर नोबलमन यांनी फिंगर यांच्या आयुष्याचा माग काढायला सुरुवात केली. जुन्या नोंदी, शाळेचे वार्षिकांक आणि नातेवाईक शोधत ते फिरले. फ्रेड १९९२ मध्ये वारला होता आणि फिंगर यांना वारस उरला नाही असेच सगळे धरून चालले होते. नोबलमन यांना फ्रेडची मुलगी अथीना सापडली. आजोबांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी तिचा जन्म झाला होता. २०१२ मध्ये नोबलमन यांचे सचित्र चरित्र प्रसिद्ध झाले आणि मागणीने जोर धरला.

सप्टेंबर २०१५ मध्ये ‘डीसी’ने फिंगर कुटुंबाशी समझोता झाल्याचे आणि यापुढे श्रेय दिले जाईल असे जाहीर केले. ‘गोथम’ मालिकेचा दुसरा हंगाम आणि २०१६चा ‘बॅटमॅन व्ही सुपरमॅन’ चित्रपट यांपासून केन यांच्या नावासोबत फिंगर यांचे नाव येऊ लागले. शब्दरचनेत निर्माता केन आणि सोबतीला फिंगर असाच क्रम आहे. अनेक चाहत्यांना तो अजूनही अपुरा वाटतो. पण १९३९ नंतर पहिल्यांदाच हे नाव अधिकृतपणे तिथे आले. २०१७ मध्ये या शोधावर माहितीपटही निघाला.

न्यायालयाने बॅटमोबाइलबद्दल काय म्हटले?

योगायोग असा, की त्याच महिन्यात, अवघ्या काही दिवसांच्या अंतराने बॅटमोबाइललाही एक मान्यता मिळाली. कॅलिफोर्नियातील एक गॅरेजचालक १९६६च्या मालिकेतील आणि १९८९च्या चित्रपटातील मोटारींच्या प्रतिकृती बनवून विकत होता. ‘डीसी’ने त्याला न्यायालयात खेचले. मोटार ही वापरायची वस्तू आहे, तिच्यावर स्वामित्व हक्क कसा, असा त्याचा युक्तिवाद होता. अमेरिकेच्या नवव्या विभागीय अपील न्यायालयाने तो फेटाळला. बॅटमोबाइल हे केवळ वाहन नसून कथेतील एक पात्र आहे आणि त्या पात्राला कायद्याचे संरक्षण आहे, असा निर्वाळा न्यायालयाने दिला. १९४१ पासून तिचे रूप अनेकदा बदलले, तरी वटवाघळाचे रूप, गुन्हेगारांशी लढणाऱ्याची वेगवान मोटार ही ओळख आणि अत्याधुनिक साधने हे तिचे गुण कायम राहिले, हा निकालाचा आधार होता.

हे गुण मोटारीच्या पत्र्यात नव्हते. ते कथांमधून आले होते. ‘फ्युचुरा’ १९५५ मध्येही देखणी होती, पण ती पात्र झाली ती बॅटमॅनच्या गोष्टीत शिरल्यावर.

मग बॅटमोबाइल नेमकी कोणाची?

जानेवारी २०१३ मध्ये बॅरिस यांनी मूळ मोटार अ‍ॅरिझोनातील स्कॉट्सडेल येथील लिलावात काढली. शुल्कासह तिला ४६ लाख २० हजार डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे २५ कोटी रुपये मिळाले. बॅरिस यांनी ती तीन आठवड्यांत घडवली, जपली आणि मालकी हातची सोडली नाही. त्यामुळे तिच्या मोलाचा लाभ त्यांना मिळाला. केन यांनी करार जपला, त्यामुळे नाव त्यांचे राहिले. फिंगर यांनी जे दिले ते सूचना, नावे आणि गोष्टी या स्वरूपात होते. त्याची पावती कोणी लिहून दिली नव्हती.

ब्राँक्समध्ये ग्रँड कॉन्कोर्स या रस्त्यालगत पो पार्क नावाची बाग आहे. फिंगर आणि केन तिथल्या बाकांवर बसून कथा रचत. डिसेंबर २०१७ मध्ये बागेजवळच्या पूर्व १९२व्या रस्त्याच्या कोपऱ्याला ‘बिल फिंगर वे’ असे नाव देण्यात आले. गोथमचा रस्ता दाखवणारी पाटी टीव्हीवर आडवी पडायची. ज्यांनी त्या शहराला नाव दिले, त्यांच्या नावाची पाटी आता त्यांच्याच वस्तीत उभी आहे.